गंगेची वाळू आन् मोरीचं शिंग

हुसेनबी, तुझ्या शेळ्या माझ्या दावणीला बांधल्यात. कालपासून वरडून वरडून त्यांनी जीव खाल्लाय. पाला टाकला तर हुंगून सोडून देतात, पाणी दावलं तर माझ्या तोंडाकडं बघत बसतात, जसं काही मीच तुला कुठं दडवून ठेवलीय. तुझ्यासारख्या शिव्या मला जमत न्हाईत, आन् शिव्या खाल्ल्याबिगर तुझी एक बी शेळी पाल्याला तोंड लावत न्हाई. काय एकेक वळण लावून ठेवलंस बाई जनावरांना!

म्हणून तुझ्या ओट्यावर येऊन बसले. दार नुसतं लोटलेलं हाय. तुझा पुतण्या काल गेवराईहून आला, सगळं रीतीनं केलं, माती दिली. आज सकाळी जाताना म्हणला, भाभी, शेळ्या सध्या तुमच्याकडंच राहू द्या. लेकरू गुणी हाय, पण शेळीचं त्याला ओ का ठो कळत न्हाई. मागल्या दारानं शेरडं सोडत होता आन् पुढल्या दारानं ती परत येत होती.

तुला नेलं तवा मी आपल्या दोघींच्या मधल्या भिताडाला टेकून उभी होते. मातीला बायांनी जायचं नसतं, तुमच्यात बी न्हाई आन् आमच्यात बी न्हाई. त्या भिताडावरून विस्तव गेला, ताक गेलं, भांडणं गेली. काल मात्र त्यावरून फक्त बघायचं राहिलं. मी रडले न्हाई. तू म्हणायचीस ना, रडून शिंग गळत न्हाई. पण आज इथं तुझ्या ओट्यावर बसल्यावर रडू आलं, आता तू काय म्हणायचं ते म्हण.

आपली वळख बी भांडणातूनच झाली. मी पालीहून नवी नवरी होऊन आलेली, हातची हळद गेली नव्हती. खाटंवर कुरडया वाळत घातल्या आन् तुझ्या बोकडानं भिताड चढून निम्म्या फस्त केल्या. मी बोंब मारली. तू भिताडावरून डोकं काढून इच्यारलंस, कुरडई उंच वाळत घालायची अक्कल माहेरानं दिली न्हाई का? मी म्हणले, पालीच्या पोरींना अक्कल जास्तीची असती, म्हणून तर तुझ्या बोकडाच्या पाठीत काठी घातली न्हाई. तू हसलीस. तुझे पुढचे दोन दात तवाच पडलेले होते, आन् त्या फटीतून हसू सांडायचं. संध्याकाळी वाटीभर शेळीचं दूध भिताडावर आणून ठेवलंस. त्या दिवसापासून मी तुला मावशी म्हणायला लागले, आन् तू मला पाली.

आमची मोरी शेळी तुला आठवत असंलच. न आठवायला काय झालं, तिच्यासाठी तू जेवढी खपलीस तेवढी स्वतःच्या गुडघ्यासाठी खपली न्हाईस. मोरी आमच्याच घरात जलमली. तिच्या आधीच्या शेळीची शिंगं बोराटीच्या कुपाटीत अडकली होती आन् ती तिथंच हिसडे देऊन मेली, म्हणून सासऱ्यांनी ठरवलं की हिला शिंग येऊच द्यायचं न्हाई. कोंब फुटायच्या वक्ताला तापलेल्या लोखंडानं डागलं की शिंग येत न्हाई, हे त्यांनी कुठंतरी ऐकलेलं. पण डागायला उशीर केला, कोंब चांगला बोराएवढा झालता. इळा तापवला, करडानं मान हिसडली, आन् एका अंगाला नीट डागलं गेलं, दुसऱ्या अंगाला निम्मंच. मंग काय, एकीकडं टक्कल आन् दुसरीकडं वाकडातिकडा खुंट. धड शिंग न्हाई, धड बोडकं न्हाई. बुडाला हलायचा, आन् वाढता वाढता पुढं वळून कपाळाकडं यायला लागला.

आता कुणी म्हणंल, खुंट तर खुंट. पण त्याच साली आमच्या विहिरीला पाणी लागलं. झालं! आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, ठरवून टाकलं की ही देवीची खूण हाय. आई मोरीच्या डोक्यावर येऊन बसलीय. मंगळवारी, शुक्रवारी त्या खुंटाला हळदीकुंकू व्हायला लागलं. मोरीला बी त्याची सवय झाली. मंगळवारी कपाळ पुढं करून उभी राहायची, कारण कुंकवासंगं गुळाचा खडा मिळायचा. तू भिताडावरून बघायचीस आन् मला खुणवायचीस, की हे वाकडं पुढं डोळ्यात जाईल. मी आत्याबाईंकडं बोट दाखवायचे आन् गप बसायचे.

मंग ती तापाची साथ आली. घरोघर माणसं आडवी पडली, पाणी द्यायला उभं माणूस राहिलं न्हाई. माझी शेवंता नुकती मान धरत होती. मी तापातून उठले, पण अंगावरचं दूध पार आटलं. दुसऱ्या कुणा बाईनं पाजावं तर जी ती आपल्याच घरच्या मरणात. मोरी नुकती व्यालेली होती. आत्याबाईंनी धडप्याचा बोळा केला, मोरीच्या दुधात बुडवला आन् शेवंताच्या तोंडात दिला. पोर चोखायला लागली. माझी पोर त्या बोळ्यावर आन् त्या शेळीवर जगत होती, तिसरं काही न्हवतं.

आन् नेमकं तवाच खुंटाचं टोक मोरीच्या डोळ्याच्या वर कातड्यात रुतलं. आधी नुसती सूज होती. मंग वास यायला लागला, माश्या घोंगावायला लागल्या. मोरीनं चारा सोडला. कासेला हात लावला की लाथ झाडायची, भांडं उलथं व्हायचं. दूध रोज कमी. शेवंता बोळा चोखून चोखून थकायची आन् चिमणीच्या पिल्लासारखी नुसती तोंड उघडं टाकून पडायची. मी आत्याबाईंना म्हणले, खुंट कापू. त्या पांढऱ्याफटक पडल्या. म्हणल्या, खुणेला हात लावला तर आई पोर घेऊन जाईल. पोरीच्या बापाला सांगितलं, तर तो आईच्या शब्दाबाहेर जाणारा न्हवता. आत्याबाई काही वाईट न्हवत्या, हुसेनबी. शेवंतावर त्यांचा माझ्याइतकाच जीव होता, म्हणूनच त्या भीत होत्या. त्यांना वाटायचं खुंट कापला तर पोर जाईल. मला दिसत होतं की न्हाई कापला तर जाईल. घर एक, पोर एक, आन् आमी दोघी एकमेकींकडं वैरिणीसारख्या बघत होतो.

मी भिताडापाशी गेले. तू शेणात हात घालून गवऱ्या थापत होतीस. मी तोंडातून शबूद काढायच्या आत तू हात धुतलेस. नवऱ्याची कानस आन् बारकी करवत कनवटीला खोचलीस. तुझा नवरा नालबंद, तहसिलीच्या घोड्यांना आन् बाजारच्या बैलांना नाल ठोकायचा. तो गेल्यावर त्याची हत्यारं तू विकली न्हाईस, सगळ्या गावाच्या शेरडांची खुरं त्यांनी साळून द्यायचीस. आमच्या अंगणात आलीस ती आधी शेवंतापाशी गेलीस, तिच्या टाळूवर हात ठेवलास. मंग मोरीचा जबडा धरून जखमेचा वास घेतलास. आत्याबाई आडव्या उभ्या राहिल्या.

"हात लावू नको हुसेनबी. देवीची खूण हाय ती."

"असू दे की. ह्या पोरीची नखं कुणी दिली?"

"देवीनंच."

"मंग ती कापतीस का न्हाई?"

आत्याबाई काय कच्च्या गुरूच्या चेल्या न्हवत्या. म्हणल्या, नखं येगळी, आन् कापायचीच झाली तरी हिच्या डोक्याला पुन्हा लोखंड लागू देणार न्हाई, लोखंडानंच हे सगळं झालंय. हे काही खोटं न्हवतं. तू बी मान डोलावलीस. कनवटीची कानस आन् करवत काढून माझ्या हातात दिलीस आन् उकिडवी बसून इचार करायला लागलीस. मला वाटलं, संपलं, ही बी हरली. तू आमच्या चुलीकडं बघत होतीस. चुलीशेजारी लाह्या भाजायच्या वाळूचं गाडगं होतं.

"ती वाळू कुठली?" तू इच्यारलंस.

"गंगेची," आत्याबाई म्हणल्या. गोदावरीला आमी गंगाच म्हणतो, हे तुला ठाऊक न्हाई असं थोडंच होतं.

"मंग लोखंड राहू दे. गंगेच्या वाळूनं कापलं तर चालंल?"

गंगेला न्हाई कोण म्हणणार? आत्याबाईंना नीट इचार करायला येळ मिळायच्या आत तू अंबाडीची दोरी भिजवून वाळूत घोळलीस, आन् म्हणलीस, तूच मोरीचं डोकं धर, देवीचं नाव घे, तुझ्याबिगर हे व्हायचं न्हाई. देवाधर्माचं काम म्हणल्यावर आत्याबाई मागं कशा सरतील? बसल्या की मोरीचं डोकं दोन्ही गुडघ्यांत धरून! दोरीचं एक टोक तुझ्याकडं, एक माझ्याकडं. दळणाच्या जात्यावर दोघी बसाव्यात तशा आपण ओढायला लागलो. एकदा तुझ्याकडं, एकदा माझ्याकडं.

दोरी तापायची. तू थांबवून अंगठा लावून बघायचीस, पाणी शिंपायचीस, पुन्हा वाळू लावायचीस. मला घाई झालेली. म्हणले, बुडापासूनच काढून टाकू की एकदाचं. तू माझा हात धरून माझा अंगठा खुंटावर ठेवलास. टोकाकडं गार लागलं, बुडाकडं कोमट. म्हणलीस, गार हाय तिथवर नख, कोमट लागलं की तिथनं पुढं जीव. जीवाला दोरी लावली तर रगत थांबायचं न्हाई, आधीच अर्धमेली झालीय बिचारी. गार भागातनं दोरी पार गेली, आन् रुतलेलं टोक तू हळूच उपसून काढलंस. त्याखाली काय होतं ते मी सांगत न्हाई, आज जेवायचंय मला. तुझ्या अंगणातल्या सीताफळीचा पाला वाटून तू जखमेत भरलास. तो डोळ्यात गेला तर डोळा जातो म्हणून दुसरा तळहात मोरीच्या डोळ्यावर झाकण करून धरलास, किडे बाहेर पडेपर्यंत उचलला न्हाईस. हाताला मुंग्या आल्या तरी उचलला न्हाईस.

दोन-चार दिवसांत मोरी चारा खायला लागली. मंग कास भरली. शेवंतानं बोळा असा ओढला की तो तिच्या तोंडातनं सुटंना. आत्याबाई रडत होत्या, मी रडत होते, आन् तू भिताडावरून वरडत होतीस की पोरीचा ढेकर काढा आधी, मंग रडा.

खुंट काही एकदा कापून गप बसणारा न्हवता. जिथवर जीव तिथवर वाढ. पुन्हा वळायचा, पुन्हा डोळ्याकडं निघायचा, आन् त्याच्या आत तू दोरी घेऊन हजर. तुझ्या नवऱ्याच्या कानशीनं ते काम पाच मिंटात झालं असतं, पण आत्याबाईंना दिलेला शबूद तू मोडला न्हाईस. मला एकदा लई राग आला. खुंट चांगला डगमगत होता, मी म्हणले उपटूनच टाकते. तू हातावर चापट मारलीस. हलतंय म्हणून उपटायला तो काय दुधाचा दात हाय का? मुळाशी कातडं धरून हाय, उपटलं तर भोक पडंल कपाळाला. त्याचा तो पडंल तवा पडू दे.

आन् पडलाच. शेवंता अंगणभर पळायला लागली होती तवा. तुझा तो कुरडया खाणारा बोकड दावणीवर आला आन् मोरीनं त्याला अशी टक्कर दिली की खुंट उडून चुलीपाशी पडला. रगत आलं, तू राख दाबून धरलीस, थांबलं. आत्याबाईंनी खुंट उचलला, पदरानं पुसला आन् देव्हाऱ्यात ठेवला. देवीनं आपली खूण आपणच माघारी घेतली, असं गावभर झालं. बाया दर्शनाला यायला लागल्या. तुझं नाव कुणी काढलं न्हाई. मी तावातावानं तुझ्याकडं आले, म्हणले, तू कावून गप? तू तोंडावर पदर घेऊन हसत होतीस. म्हणलीस, तुमच्या देव्हाऱ्यात माझ्या हातचं काम बसलंय, आणखी काय पाहिजे? सासूला म्हणावं, एखाद्या शुक्रवारी जरा गूळ इकडं बी दे.

पण एकदा, एकदाच, तू न हसता बोललीस. म्हणलीस, "शेळीच्या जखमेला माझा हात चालला पाली, पण तुझ्या सासूला माझ्या घरचं पाणी चालत न्हाई." आत्याबाई तुझ्या ओट्याला कधी टेकल्या न्हाईत, हे खरंच होतं. उभ्या उभ्या यायच्या, उभ्या उभ्या जायच्या. तहान लागली तर घरी यायच्या. तू लगेच शेळ्यांना शिव्या द्यायला लागलीस आन् तो इषय तिथंच राहिला.

आपल्या दुसऱ्या भांडणाचा निकाल बी राहिला बघ. मोरीचे हाल बघून मी ठरवलं, माझ्या घरात कुठल्या करडाला डागायचं न्हाई. तू म्हणायचीस, बरोबर डागलं तर करडू येळभर रडतं आन् विसरतं. सासऱ्याची चूक डागण्यात न्हवती, उशिरात होती आन् निम्म्यावर सोडण्यात होती. मी म्हणायचे, ज्याचं डोकं त्याचं शिंग, आपण कोण? तू म्हणायचीस, मंग कुपाटीत अडकून मेली की देवाला इच्यार कोण म्हणून. माझ्या एका शिंगाळीनं तुझ्या गाभणीला ढुसणी मारली तवा तर आपण आठवडाभर भिताडाकडं फिरकलो न्हाई. परवा माझी शेळी व्याली. तू काठी टेकत आलीस, करडाच्या डोक्यावर अंगठा फिरवलास, म्हणलीस, कोंब येणार, आता ऐक माझं, ह्याच येळेला इस्तू कर आन् डाग. मी म्हणले, मावशे, तू घरी जा. तू म्हणलीस, उद्या येते, उद्या बघते तुला. उद्या म्हणून गेलीस आन् आली न्हाईस. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदाच शबूद मोडलास, आन् तो बी भांडणाचा.

शेवंता आलीय. सांगावा मिळाला तशी निघाली, कडेवर तिचं पोरगं. तुझ्या अंगणात बसून तिनं त्याला पाजलं. मी बघत बसले. हे दूध, ही पोर, तिचं पोरगं, सगळं त्या ओल्या दोरीला धरून इथवर आलं. हुसेनबी, माझ्या घरात जे काही हसतं-खेळतं हाय त्यात तुझा वाटा हाय. तू जिवंत असताना हे बोलले असते तर तू म्हणली असतीस, पाली, तुझं डोकं ऊन लागून फिरलंय. म्हणून आज बोलते. आज तुला मधी बोलता येत न्हाई.

येवढं मनात बोलून होईतो काठी वाजली. बघते तर आत्याबाई. आता त्यांना दिसत न्हाई म्हणण्यासारखंच, घरातल्या घरात भिताड धरून चालतात. एकट्या आल्या, भिताडाला वळसा घालून. मी उठून हात धरला. त्या थेट तुझ्या ओट्यावर बसल्या. टेकून बसल्या. मूठ उघडली तर तो खुंट. इतक्या वर्षांच्या कुंकवानं जाड होऊन नुसता लाल गोळा झालेला, खाली शिंग हाय हे सांगावं लागंल.

"ह्यो तिच्या दावणीत पूर," म्हणल्या. "देवीची खूण न्हवती ती. तिची होती."

मी म्हणले, "आत्याबाई, मंग हे कधी बोलला कावून न्हाईत?"

त्यांनी खुंट माझ्या हातावर ठेवला. मी तुझ्या शेळ्यांच्या खुंटीपाशी खड्डा केला, खुंट ठेवला, माती लोटली. आत्याबाई माती पडायचा आवाज ऐकत होत्या. मंग पदरानं तोंड पुसलं आन् म्हणल्या, तहान लागलीय, पाणी दे. मी घराकडं निघाले तर त्यांनी माझा पदर धरला.

"लांब कशाला जातीस? इथलंच दे."

आत गेले. तुझा रांजण तू भरून ठेवलेला, वर झाकण, झाकणावर तांब्या पालथा. तुझ्या हातानं भरलेलं शेवटचं पाणी मी काढलं आन् आत्याबाईंच्या हातात दिलं. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला, आन् मधी श्वास घ्यायला बी न थांबता सगळं पाणी पिऊन टाकलं.